बरणी बरोबर होती, जागा चुकली

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीने वाचकांकडून फॅन फिक्शन मागवलं आहे आणि पहिल्या फेरीला विषय दिला आहे 'वाढदिवसाची फसलेली भेट'. ओळखीची पात्रं, नवी गोष्ट, विनोदी, दीड हजार शब्दांत. विषय नामी आहे. सोबतच्या सूचनांमधलं एक वाक्य मात्र स्पर्धकांना खड्ड्यात घालणार आहे : 'भेट जितकी विचित्र, तितकी गंमत जास्त.' हे वाचून निम्मे स्पर्धक विचित्र वस्तू शोधायला निघतील. कुणाच्या खोक्यातून बेडूक निघेल, कुणाच्या खोक्यातून स्फोट.

विचित्र वस्तू एकदाच हसवते, झाकण उघडलं की. पुढचे हजार-बाराशे शब्द पात्रांना नुसतं धावावं, पडावं आणि ओरडावं लागतं. फसलेल्या भेटीची गोष्ट उभी राहते ती शहाण्या भेटीवर. देणाऱ्याने विचार केला आहे, हिशेब केला आहे, तो हिशेब वाचकालाही पटला आहे. तरी भेट आपटते, कारण घेणाऱ्याची एक जुनी खोड त्या हिशेबातून निसटली.

ओ. हेन्रीची १९०५ सालची नाताळच्या भेटींची गोष्ट बघा. नायिका डेलापाशी १ डॉलर ८७ सेंट. केस विकून आले २० डॉलर. नवऱ्याच्या घड्याळासाठी साखळी घेतली २१ डॉलरला, हाती उरले पुन्हा ८७ सेंट. तिकडे नवऱ्याने तेच घड्याळ विकून तिच्या केसांसाठी कंगवे आणले. साखळीत खोट नाही, कंगव्यांत नाही. ती गोष्ट हसवण्यासाठी लिहिलेली नाही हे खरं, पण सांगाडा हाच आहे आणि विनोदी लेखकाने तो आकड्यांसकट उचलावा. आकडा दिला की वाचक नकळत देणाऱ्याच्या बाजूने पैसे मोजू लागतो, आणि मग भेट फसली की त्याचेही पैसे बुडतात.

फॅन फिक्शन लिहिणाऱ्याला इथे एक आयती सोय असते. कोऱ्या पात्रांच्या गोष्टीत घेणाऱ्याची खोड आधी पेरावी लागते, त्यात दोन-तीनशे शब्द जातात, आणि पेरताना दिसली तर वाचक पुढचं ओळखून बसतो. ओळखीच्या पात्राची खोड वाचकाला वर्षानुवर्षं ठाऊक असते. देणारा दुकानात शिरला की वाचकाच्या मनात 'अरे, हे नको घेऊ' सुरू होतं. पण म्हणूनच खोड लेखकाच्या मनची असून चालत नाही. ती कॅननमध्ये, म्हणजे मूळ लेखकाच्या लिखाणात, बोट ठेवून दाखवता आली पाहिजे. लिहायला बसण्याआधी एका कागदावर आठ-दहा खोडी, पुढे कथेचं किंवा प्रकरणाचं नाव, एवढी तयारी हवीच. हा कागद नसला की पात्रं हळूहळू लेखकासारखी बोलू लागतात. त्याला या जगात ओओसी, 'आउट ऑफ कॅरेक्टर' म्हणतात, पात्र स्वभावाबाहेर गेलं.

नमुन्याला शेरलॉक होम्स घेतो. त्याच्या खोडी लेखी आहेत, आणि कॉपीराइटची कटकट उरलेली नाही; अमेरिकेत अडकलेल्या शेवटच्या कथाही १ जानेवारी २०२३ पासून मोकळ्या झाल्या. गंमत म्हणजे होम्सचा वाढदिवस मूळ लेखक कॉनन डॉयलने कुठेच लिहिलेला नाही. ऑगस्ट १९१४ मध्ये घडणाऱ्या एका कथेत त्याचं वय साठ सांगितलं आहे, त्यावरून चाहत्यांनी जन्मसाल काढलं १८५४, आणि तारीख ठरवली ६ जानेवारी. म्हणजे वाढदिवस हीच मुळात फॅन फिक्शन.

आता खोडींचा कागद. 'मसग्रेव्ह रिच्युअल'मध्ये होम्सची तंबाखू पर्शियन सपातेच्या चवड्यात असते, सिगार कोळशाच्या बादलीत, आणि उत्तर न दिलेली पत्रं शेकोटीवरच्या लाकडी फळीच्या बरोबर मधोमध घडीच्या चाकूने ठोकलेली. 'इंजिनियर्स थंब'मध्ये आणखी एक अफलातून तपशील आहे. आदल्या दिवशी ओढलेल्या प्रत्येक पाइपच्या तळाशी जे अर्धवट जळके गोळे उरतात, ते होम्स जपून सुकवतो, फळीच्या कोपऱ्यात साठवतो आणि न्याहारीच्या आधीचा पाइप त्यांचाच भरतो. 'डाइंग डिटेक्टिव्ह'मध्ये होम्सच्या झोपायच्या खोलीतल्या फळीवर पाइप, तंबाखूच्या पिशव्या, सिरिंजा, चाकू आणि रिव्हॉल्व्हरची काडतुसं यांचा पसारा आहे. त्याच कथेत होम्स वॉटसनला तोंडावर सांगतो की ढोंग करणं काही तुला जमत नाही. होम्सने तंबाखूच्या १४० प्रकारांच्या राखेवर प्रबंध लिहिला आहे. वॉटसन ओढतो आर्केडिया मिक्श्चर नावाची तंबाखू, आणि तिची भुसभुशीत राख कोटावर दिसली की होम्स ती ओळखतो. वॉटसनचं उत्पन्न सुरुवातीला रोजचं साडेअकरा शिलिंग. त्याचं चेकबुक एका कथेत होम्सच्या खणात कुलूपबंद आहे, म्हणजे मोठी खरेदी करायची तर किल्ली होम्सकडेच मागावी लागणार.

एवढ्यावर गोष्ट जवळजवळ आपणहून उभी राहते. वॉटसन डॉक्टर आहे. सपातेत तंबाखू वाळते, धूळ बसते, हे त्याला रोज खुपतं. म्हणून भेट ठरते घट्ट झाकणाची चिनी मातीची बरणी. किंमत साडेअकरा शिलिंगच्या आत ठेवायची, म्हणजे एका दिवसाच्या उत्पन्नात भागतं आणि किल्लीचा प्रश्न येत नाही. या भेटीत नाव ठेवायला जागा नाही. पाच जानेवारीच्या रात्री होम्स बाहेर आहे. वॉटसन सपातेतली सगळी तंबाखू बरणीत भरतो, फीत बांधतो, वर लाखेची मोहोर मारतो. ठेवायची कुठे? फळीच्या मध्यावर पत्रं आणि चाकू. उजवीकडे झोपायच्या खोलीतून इकडे आलेला पाइप आणि काडतुसांचा पसारा, त्याला हात लावायची त्याची छाती नाही. डावा कोपरा बराच रिकामा, फक्त कसलेसे काळे गोळे पडलेले. तो ते शेकोटीत झटकतो आणि तिथे बरणी ठेवतो.

उजवीकडचा पसारा एका वाक्यात का होईना, लिहावाच लागतो. नाहीतर 'बरणी पलीकडे का नाही ठेवली' असं विचारणारा वाचक हमखास भेटतो. विनोदी गोष्टीत वाचक चमत्कार चालवून घेतो, पण मोकळी फळी सोडत नाही.

गोळे शेकोटीत जाणं महत्त्वाचं आहे. केराच्या टोपलीत गेले असते तर परत काढता आले असते. पहिली चूक अशी हवी की ती मागे घेता येणार नाही, आणि दुसरी चूक पहिली निस्तरताना व्हायला हवी. तिसरी दुसरीतून. एकामागून एक तीन स्वतंत्र अपघात घातले, बरणी फुटली, मग शिडी पडली, मग पडदा पेटला, तर ती अपघातांची यादी होते.

मध्यरात्री वॉटसनला आठवतं की ते गोळे म्हणजे होम्सचा सकाळचा पाइप होता. आता तसेच गोळे बनवायचे. होम्सची शॅग, म्हणजे बारीक कातरलेली तंबाखू वापरावी, तर ती बरणीत मोहोरबंद. मोहोर फोडली तर भेटच फुटली. म्हणून तो स्वतःची आर्केडिया काढतो. एका पाइपचा एक गोळा, लागणार सहा. पूर्ण ओढून उपयोग नाही, तळाशी थोडं उरलं पाहिजे, आणि डॉक्टर महाशय रात्रभर घड्याळ लावून पाइपमागून पाइप अर्धवट ओढत बसले आहेत. पाइपच्या तळाशी वाफेची ओल उतरते, म्हणून निघालेला प्रत्येक गोळा दमट. होम्स सुकवतो ते काही हौसेने नाही. वॉटसनपाशी सुकवायला वेळ नाही. तो कोळशाच्या फावड्यावर सहा गोळे ठेवून फावडं निखाऱ्यांपाशी धरतो, आणि दोन भुर्रकन पेटतात. उरले चार. जगात १४० राखा ओळखणारा एकच माणूस, आणि तो पहाटे सतरा पायऱ्या चढून वर येतो आहे.

स्पर्धकांनी ही गोष्ट उचलू नये, पण तिचे सांधे तपासावेत. प्रत्येक पायरीला 'मग त्याने सरळ असं का नाही केलं' हा प्रश्न लावायचा आणि उत्तर आधीच्या ओळींत सापडतंय का पाहायचं. सापडत नसेल तर विनोद तिथे गळतो. वाचकाला ते कळत नाही, नुसतं हसू येईनासं होतं.

शब्दांची वाटणीही यावरून ठरते. दीड हजारांत गोळे शेकोटीत पडेपर्यंत तीनशेच्या वर जाऊ नये. निस्तरण्याच्या रात्रीला सहाशे, कारण खरी मजा तिथे आहे. सकाळला पाचशे, शेपटाला शंभर. बहुतेकांचं उलटं होतं : नऊशे शब्द तयारी, खरेदी, आवरणाचा कागद, आणि भेट उघडते अगदी शेवटी. उघडण्यात रहस्य ठेवायचंच नाही. त्यातून होम्ससारखा घेणारा पुडक्याकडे बघूनच आत काय ते सांगणार. गुपित वाचकाला आधी कळलेलं हवं, पात्राला नंतर. मधल्या वेळात हसणं पिकतं.

सांगणारा कोण, हेही आधी ठरवावं. ही गोष्ट वॉटसननेच सांगायला हवी, आणि होम्सला काही कळलं नाही अशा समजुतीत. होम्स आत येतो. बरणीकडे बघतो, वॉटसनच्या बाहीवरच्या राखेकडे बघतो, कोपऱ्यातले चार गोळे बोटाने दाबून बघतो. मग काही न बोलता तेच पाइपात भरतो आणि शेवटपर्यंत ओढतो, ओल्या तंबाखूने डोळ्यांत पाणी येईस्तोवर. वॉटसन लिहितो, 'सुदैवाने त्याला काही संशय आला नाही.' इथे लेखकाने एक शब्दही जास्त घालू नये. होम्सला सगळं समजलं होतं असं पुढे समजावून सांगणारे लेखक हातातलं घालवतात. होम्सला भडकवणारेही चुकतात. तो तुसडा आहे, पण वॉटसनची रात्र वाया घालवण्याइतका नाही.

गोष्ट संपताना घर पूर्ववत झालं पाहिजे, कारण पुढच्या मूळ कथांत तंबाखू सपातेतच आहे. बरणी जाते घरमालकीण हडसनबाईंच्या फडताळात. एकाच बैठकीत वाचायच्या गोष्टीला, वन-शॉटला, हा नियम लागू होतोच. कॅनन मोडून दुसऱ्याच वाटेने जायचं असेल तर तसं गोष्टीच्या माथ्यावर लिहावं.

कॅननमध्येच घोळ असेल तर? वॉटसनची जखम एका कादंबरीत खांद्याला आहे, दुसरीत पायाला. चाहते शंभर वर्षांहून जास्त त्यावर भांडताहेत. विनोदी गोष्टीत एक बाजू घ्यावी, नाहीतर त्या घोळाचाच विनोद करावा. आपली तिसरी जागा शोधू नये.

उलट, कॅननमध्ये आहे असं सगळ्यांना वाटतं पण नाही, अशा गोष्टीही असतात. 'एलिमेंटरी, माय डिअर वॉटसन' हे सलग वाक्य डॉयलच्या एकाही कथेत नाही. आणि 'प्रिय वॉटसन' असं मराठीत आणलं की संवाद न वाटता पत्राचा मायना वाटतो. पात्राचं पेटंट वाक्य घालण्याचा मोह टाळावा. एक चाचणी सोपी आहे. संवादांतली नावं झाका. कोण बोलतंय ते कळलं तर ठीक, नाही कळलं तर संवाद पुन्हा. ही चाचणी लेखकाने स्वतः करून उपयोग नाही, त्याला उत्तर माहीत असतं. त्यासाठी बीटा रीडर असतो, म्हणजे छापायच्या आधी मसुदा वाचणारा, कॅनन जाणणारा आणि थोडा खडूस असा दुसरा चाहता.

एक पात्र मात्र आपल्या पेटीत ढिगाने येणार : सगळ्यांना आवडणारी, सगळं येणारी, नेमकी योग्य भेट आणून सगळ्यांची अब्रू वाचवणारी पाहुणी. तिचं नाव १९७३ पासून मेरी स्यू आहे. पॉला स्मिथने स्टार ट्रेक या टीव्ही मालिकेच्या एका चाहता-नियतकालिकात तिची टिंगल करणारी गोष्ट लिहिली. नायिका लेफ्टनंट, वय साडेपंधरा. योग्य भेट आणणारी पाहुणी आली की फसलेल्या भेटीची गोष्ट संपलीच.

चाहत्यांच्या जगात गोष्ट हीच पुष्कळदा वाढदिवसाची भेट असते, आणि तीही फसते. 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' या फॅन फिक्शनच्या संकेतस्थळावर गोष्ट एखाद्याच्या नावे भेट करता येते, आणि ती नाकारायचीही सोय आहे. २००३ पासून चालणाऱ्या 'यूलटाइड' या गोष्टींच्या देवाणघेवाणीत किमान १००० शब्द लागतात, आणि भाग घेणारे काय हवं याबरोबर काय नको तेही लिहून देतात. भेट म्हणून लिहिणाऱ्याने 'नको'चा रकाना आधी वाचावा.

आता आपल्याकडे मागणं. सूचनांमधलं ते एक वाक्य पुढच्या अंकात मागे घ्यावं. प्रत्येक गोष्टीसोबत तीन ओळींची टीप मागवावी : कोणती खोड वापरली, ती मूळ कोणत्या कथेत आहे, आणि भेट कोणत्या क्षणी फसते. तिसरी ओळ ज्याला लिहिता येत नाही त्याची गोष्ट अजून झालेली नाही, परीक्षकांचाही वेळ वाचेल. पात्रं कॉपीराइट संपलेलीच घ्या असं स्पष्ट छापावं. चाहत्याने हौसेने लिहिणं वेगळं आणि वर्तमानपत्राने ते छापणं वेगळं. खऱ्या, हयात माणसांवरच्या गोष्टी सरळ बाद कराव्यात.

राहिले मुद्रितशोधक. त्यांच्याकडे विशेष विनंती आहे. इंग्रजीतल्या एका 'यू'ला मराठीत तू, तुम्ही आणि आपण अशा तीन वाटा आहेत, आणि लेखकाने पहिल्या ओळीआधी वाट ठरवायची असते. एका घरात राहणारे दोन मित्र, म्हणजे होम्स आणि वॉटसन एकमेकांना तू म्हणतील. हडसनबाईंना दोघंही तुम्ही. हे एकदा ठरलं की ते मोडण्यात विनोद करता येतो. वरच्या गोष्टीत होम्स पहिल्यापासून 'वॉटसन, तू' म्हणतो. चारही गोळे ओढून झाल्यावर तो पाइप खाली ठेवतो आणि म्हणतो, 'आज आपली तंबाखू काही वेगळीच लागली, डॉक्टर.' वॉटसन समजतो आपली म्हणजे तुझी-माझी, घरची, रोजची. वाचक समजतो आपली म्हणजे डॉक्टरसाहेबांची. असा शब्द एखाद्या स्पर्धकाच्या गोष्टीत आला, तर एकसारखेपणासाठी कृपया त्याचं 'तुझी' करू नये.

आपला,
फॅन फिक्शनचा एक जुना बीटा रीडर